नाव, जेवण, चक्कर

सुईबाईला सुईबाई हे नाव हातामुळे पडलं. तोंडही काही कमी टोचणारं नव्हतं, पण ते पुढे कळेलच. एकतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात रक्त काढलं. दोन महिन्यांचं तान्हं असो की शिरा आटून गेलेली म्हातारी, तिला दुसऱ्यांदा टोचावं लागलं असं क्वचितच झालं. पेशंट डोळे घट्ट मिटून "टोचलंत का?" विचारायचा, तोवर बाई कापूस दाबून पुढच्या खाटेकडे निघालेली असायची.

ती म्हणायची, रक्त काढणं हे निम्मं सुईचं आणि निम्मं जिभेचं काम आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोरीनं तीन प्रश्न घोकले होते. नाव काय? जेवलात का, कधी? पूर्वी कधी चक्कर आली होती का? नाव कागदावरून वाचायचं नाही, माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं. खाटा बदलतात, कागद बदलतात, आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं की मग बसा बोंबलत. जेवणाचं विचारायचं, कारण उपाशी माणूस खुर्चीवरून कधी घसरेल याचा नेम नाही. चक्करेचं विचारायचं, कारण एकदा आली त्याला पुन्हा येते. "यातला एक जरी प्रश्न गिळलात तर सुई खाली ठेवायची," ती दम भरायची. "समोर मंत्री का बसलेला असेना."

गावाचे दोन तुकडे झाले त्याला चार वर्षं होत आली होती. टेकडीकडचे आणि नदीकडचे. पहिला दगड कुणी मारला हे छातीवर हात ठेवून सांगणारे दोन्हीकडे सापडतील, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर एकूण दोन पहिले दगड मारले गेले. दुकानं जळली, होड्या जळल्या, घराघरातलं कुणी ना कुणी गेलं. मग शांतता झाली म्हणे. शांतता कसली, अबोला. दवाखाना पुलाच्या तोंडाशी, तो तेवढा एकच उरला. तिथं दोन्हीकडचे लोक नोकरीला होते आणि शेजारशेजारच्या टेबलांवर बसून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत होते. माणसं शहाणी होती हो, शिकली-सवरलेली. पण हट्टाला शिक्षण कुठं आडवं येतं?

याच अबोल्यात सुईबाईची लेक गेली.

शिकायला येणाऱ्या पोरींना ती हे पहिल्याच दिवशी सांगायची. लेकीचं बाळंतपण याच दवाखान्यात झालं, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. भर दुपारची वेळ. रक्ताच्या बाटल्या तळमजल्यावरच्या खोलीत असत. खोलीच्या खिडकीला गज आणि गजांखाली पत्र्याचा ट्रे. बाहेरच्यानं ट्रेमध्ये चिठ्ठी ठेवायची, आतल्यानं ती ओढून घ्यायची आणि बाटली द्यायची. आतलं माणूस नदीकडचं, बाहेरचं टेकडीकडचं. चिठ्ठीवर खाट क्रमांक लिहायचा राहिला होता. आतून चिठ्ठी परत आली, शब्द नाही. बाहेरून तीच चिठ्ठी पुन्हा आत गेली, शब्द नाही. असं तीन वेळा झालं. पंचवीस मिनिटं गेली.

"काय राहिलंय, एवढं एकानं विचारलं असतं," बाई सांगायची, "नाहीतर खाट क्रमांक लिही, एवढं दुसऱ्यानं सांगितलं असतं, तर माझी पोर आज माझ्याशी भांडत बसली असती."

गोष्ट ती दरवेळी इथंच थांबवायची. पोरी डोळे पुसायच्या. पुढचं कुणी विचारायचं नाही, कारण पुढचं काही असेल असं कुणाला वाटायचंच नाही. घरी नवऱ्यालाही तिनं एवढंच सांगितलं होतं. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक, निवृत्त झालेला. लेक गेल्यापासून तो दिवसभर बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचा. नात जावयाकडे होती.

लेकीनंतर तीन महिन्यांनी बाई प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे उभी राहिली. मला सहा मुली द्या, म्हणाली. तीन इकडच्या, तीन तिकडच्या. एका खोलीत शिकवते. साहेब माणूस भला, पण पाण्यात पाय घालायच्या आधी ते किती खोल आहे हे दहा जणांना विचारणारा. त्याला हो म्हणायला दीड वर्ष लागलं. शेवटी म्हणाला, "बाई, भांडणं झाली तर?"

"झाली तर बरंच होईल की," बाई म्हणाली. "भांडायला तोंड उघडावं लागतं."

सहा पोरी आल्या. वीस-बावीस वर्षांच्या. त्यातल्या दोघी लक्षात ठेवा, म्हणजे झालं. एक टेकडीकडची, गिरणीवाल्याची मुलगी. बापाची पिठाची गिरणी जळली तेव्हा आत काका होता. दुसरी नदीकडची, नावाड्याची मुलगी. तिचा थोरला भाऊ एका संध्याकाळी पुलावरून टेकडीकडे गेला तो आलाच नाही. दोघींचे हात देवानं याच कामासाठी घडवलेले, हलके आणि न घाबरणारे. आणि दोघींची तोंडं एकमेकींपुढे शिवल्यासारखी.

शिकायचं म्हणजे एकमेकींच्या हातावर. दुसरा मार्ग नाही. रबरी नळ्यांवर शीर सापडते, पण रबर दुखतं म्हणत नाही. पोरींनी हात दिले, ते द्यावेच लागत होते. तीन प्रश्नांना मात्र त्यांनी पळवाट काढली. प्रत्येक वेळी भरायच्या कागदावर तीन चौकोन होते. नाव, जेवण, चक्कर. विचारून झालं की बरोबरची खूण करायची. पहिल्या आठवड्यात नदीकडच्या मुलींनी आपली नावं पुठ्ठ्यावर लिहून गळ्यात अडकवली, म्हणजे विचारायला नको. दुसऱ्या आठवड्यात टेकडीकडच्यांनीही अडकवली. बाईनं सगळे पुठ्ठे फाडून टाकले. तर पोरी समोरचीकडे न बघता भिंतीला विचारायला लागल्या आणि समोरच्या छताला उत्तर द्यायला लागल्या.

बाईनं काय केलं नाही? चहाला एका बाकावर बसवलं, तर मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसल्या. जोड्या बदलल्या. ओरडून झालं, हात जोडून झाले. "अगं, मैत्री करा, गळ्यात गळे घाला असलं मी काही म्हणत नाही. मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण विचारायचं ते विचारा." सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घरी आली की ती नवऱ्याच्या समोर बसायची आणि घड्याळाचे स्क्रू डबीत टाकत म्हणायची, "माझ्याच्यानं होत नाही हो." तो म्हणायचा, "नाही तर सोड." मग तिला रागाचा झटका यायचा आणि स्क्रू डबीबाहेर पडायचे.

पाचव्या महिन्यात साहेबानं तिला बोलावलं.

"वरून विचारणा झालीय," साहेब म्हणाला. "दोन्हीकडच्या लोकांचं म्हणणं आहे, वर्ग वेगळे करा. शनिवारपर्यंत प्रत्येक मुलीचे पलीकडच्या मुलींवर दहा-दहा नमुने पूर्ण दिसले, कागद नीट भरलेले दिसले, तर मी टिकवून धरतो. नाहीतर सोमवारी सुतार येईल. खोलीच्या मधून पडदी. तुमच्या मुली तुमच्या बाजूला, त्यांच्या त्यांच्या."

"माझ्या मुली सहा आहेत," बाई म्हणाली.

बाहेर येऊन ती जिन्यात बसली. आज दोन वर्ग, उद्या दोन प्रयोगशाळा, परवा रक्ताच्या दोन खोल्या. आणि मग कुणाची तरी लेक एका खोलीच्या बाहेर मरणार आणि तिच्या रक्तगटाची बाटली दुसऱ्या खोलीत थंडगार पडून राहणार. हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की जिन्यावरून जाणाऱ्या आयेनं विचारलं, बाई, बरं वाटत नाही का?

त्या आठवड्यात बाईनं जे केलं ते तिच्या एकतीस वर्षांत तिनं केलं नव्हतं. पोरी कागदाचे तिन्ही चौकोन आधीच, एका ओळीत, एकाच दमात भरून ठेवत होत्या. समोरची खुर्चीवर बसायच्या आधीच खुणा तयार. बाईला दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण शनिवार तोंडावर आला होता, साहेबाला कागद हवे होते, आणि बाईला वर्ग हवा होता. तिनं खाली सही केली. एका कागदावर केली, मग दुसऱ्यावर, मग हात सरावला. शनिवार निघून जाऊ दे, सोमवारपासून बघते एकेकीकडे, असं ती स्वतःला सांगत होती. सोमवारवर भरवसा ठेवणारी माणसं सगळी अशीच बोलतात.

शनिवारी सकाळी तीन नमुने तेवढे उरले होते, तिन्ही गिरणीवाल्याच्या मुलीचे, तिन्ही नावाड्याच्या मुलीच्या हातावर. नावाड्याची मुलगी आली तीच पांढरी फटक. बाईच्या नजरेला ते आलं. तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारातून साहेबानं विचारलं, "बाई, झाले का कागद?"

"होतायत," बाई म्हणाली.

गिरणीवालीनं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. पहिली काचेची नळी उजव्या हाताची. दुसरी डाव्या हाताची. तीन प्रश्नांतला एकही विचारला गेला नाही. तिसऱ्या वेळी नावाड्याच्या मुलीच्या कपाळावर घाम जमला होता आणि तिची मूठ आपोआप सुटत होती. तिसरी नळी भरली, सुई बाहेर आली, कापूस दाबला गेला. काम अगदी स्वच्छ. आणि ती पोरगी स्टुलावरून एका बाजूला कलली आणि तिचं कपाळ लोखंडी ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आपटलं.

मग जे व्हायचं ते झालं. पाच महिने न बोललेल्या पोरी एका क्षणात बोलायला लागल्या. "मुद्दाम केलंस." "तुझ्या काकाचा सूड घेतलास." "नाटकं करते ती, तुमची जातच नाटकी." नळ्या फरशीवर फुटल्या, आणि आता कपाळाचं रक्त कुठलं आणि नळीतलं कुठलं हे कळेनासं झालं. गिरणीवाल्याची मुलगी हातात रबरी पट्टा धरून उभी होती, आणि तिच्या तोंडातून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, "मला माहीत नव्हतं."

मलमपट्टीच्या खोलीत कपाळाला चार टाके पडले. तिची आई धावत आली. बाप फाटकाशी उभा राहिला, आणि त्याच्याभोवती बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. आईनं बाईला बघितलं आणि रडत रडतच बोलली. काल दुपारपासून पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. बाप म्हणाला होता, शनिवारी जायचं नाही, पुरे झालं त्या लोकांत जाणं. पोरीनं ताट सरकवलं, मी जाणार म्हणाली. रात्रीही ताट सरकवलं. सकाळी उपाशीच निघाली, कारण आज तिचा हात नसता तर दुसरीचे दहा पूर्ण झाले नसते आणि वर्ग मोडला असता. "लहानपणी लस टोचतानाही तिला घेरी आली होती," आई म्हणाली. "कुणी विचारलं नाही का हो तिला?"

बाईच्या हातात अजून तो कागद होता. नाव, जेवण, चक्कर. तीन खुणा, आणि खाली तिची सही, नेहमीची, शेपटी वर वळवलेली.

साहेबानं पाच मिनिटांत आवरलं. त्याचाही इलाज नव्हता. वर्ग वेगळे, सोमवारी सुतार. पाच पोरी पिशव्या भरायला लागल्या, दोघी या भिंतीशी, तिघी त्या. बाई दाराला पाठ लावून उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "मी अडवत नाही. पण खिडकीची गोष्ट अर्धीच सांगितलीय तुम्हाला, ती पुरी ऐका आणि जा."

पोरी थांबल्या.

"आतल्या माणसाला मी अकरा वर्षं ओळखत होते. दुपारचा चहा आम्ही एका टेबलावर प्यायचो. माझ्या लेकीला त्यानं दोन वेण्या घालून शाळेत जाताना बघितलंय. भांडणं झाली आणि आम्ही बोलायचे थांबलो. का थांबलो ते विचारू नका, सगळे थांबले म्हणून आम्हीही थांबलो." तिनं पोरींकडे बघितलं. "खिडकीच्या बाहेर मी होते. दुसरं कुणी नव्हतं. चिठ्ठी मी नेली होती. त्यावर लेकीचं सासरचं नाव होतं, त्याला कळायला मार्ग नव्हता. 'माझी पोर आहे रे' एवढं म्हटलं असतं, तर त्यानं क्रमांक-बिमांक न बघता बाटली हातात ठेवली असती. तीन वेळा चिठ्ठी परत आली आणि तीन वेळा मी गप्प राहिले. मला वाटत होतं, आधी त्यानं बोलावं."

एकीनं पिशवी खाली ठेवली.

"शेवटी एक आया आली. तिनं क्रमांक लिहिला. मी बाटली घेऊन पळाले." बाईनं पदरानं तोंड पुसलं. "नंतर त्याला कळलं तेव्हा तो माझ्याकडे आला होता. मी तोंड फिरवलं. त्यानं आमची पोर मारली असं आमचे लोक म्हणतात. मी कधी नाही म्हटलं नाही. तो नोकरी सोडून गेला. आणि तुम्हाला शिकवायला कोण, तर मी. आजच्या कागदावर सहीसुद्धा माझीच आहे. तिच्या कपाळाला खोक मी पाडली, हिनं नाही."

ती दारातून बाजूला झाली. नदीकडच्या दोघी मान खाली घालून निघून गेल्या. टेकडीकडच्या दोघी त्यांच्यामागून, अंतर ठेवून. गिरणीवाल्याची मुलगी सर्वांत शेवटी निघाली. तिनं बाईकडे बघितलंही नाही. पण जिन्याकडे वळायच्या ऐवजी ती बोळातून मलमपट्टीच्या खोलीकडे गेली. बाईला वाटलं, आता आणखी काय व्हायचं राहिलंय, आणि ती मागोमाग गेली.

नावाड्याची मुलगी खाटेवर बसली होती, कपाळाला पट्टी, शेजारी आई. गिरणीवाल्याची मुलगी दारात उभी राहिली. आई उठली आणि पोरीच्या पुढे आडवी झाली.

"नाव काय तुझं?" गिरणीवालीनं विचारलं. आवाज कसा, तर शाळेत पाठ म्हणताना येतो तसा.

आईला वाटलं पोरगी वेडी झाली. पाच महिने एका खोलीत बसून नाव विचारते. पण खाटेवरच्या मुलीनं आईच्या आडून तिच्याकडे बघितलं आणि नाव सांगितलं. पुरं, बापाच्या नावासकट.

"जेवलीस का? कधी?"

"काल सकाळी."

"पूर्वी कधी चक्कर आली होती?"

"दोनदा. लस टोचताना, आणि भाऊ हरवला तेव्हा."

गिरणीवालीचा हात चौकटीवर होता, तो घट्ट झाला. पुढचा प्रश्न कागदावर नव्हता.

"तू विचारलंच नाहीस," खाटेवरची म्हणाली. "मी सकाळी तीन वेळा वाट बघितली. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"तू आपणहून का नाही सांगितलंस?"

का नाही सांगितलं ते बोळात उभ्या असलेल्या बाईला ठाऊक होतं. आईनं पोरीला उठवलं, खांद्याला धरलं आणि फाटकाकडे नेलं. तिथं जमलेल्या माणसांनी वाट करून दिली आणि मग सगळे मिळून पुलाकडे चालायला लागले.

त्या संध्याकाळी बाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं घड्याळ खाली ठेवलं, उठला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रविवारी तो एक शब्द बोलला नाही. तिनं ताट वाढून दाराशी ठेवलं, ते तसंच राहिलं. दाराबाहेर उभं राहून तिनं विचारलं, "जेवता का?" तिनं पुन्हा विचारलं. दर तासाला विचारत राहिली.

सोमवारी सुतार आला. त्यानं खोलीच्या मधोमध चौकट उभी केली, फळ्या अजून लागायच्या होत्या. टेकडीकडच्या तिघी आल्या होत्या. चौकटीपलीकडची तीन स्टुलं रिकामी होती. दहा वाजले, साडेदहा वाजले. पावणेअकराला नावाड्याची मुलगी एकटी आली, कपाळाला पट्टी, आणि पलीकडच्या पहिल्या स्टुलावर बसली. गिरणीवालीनं मान वर केली. उभ्या लाकडांतून दोघी एकमेकींना दिसत होत्या.

सुतारानं पेन्सिल कानामागून काढली. "बाई, मधे खिडकी ठेवायला सांगितलीय साहेबांनी. सामान द्यायला-घ्यायला. खाली पत्र्याचा ट्रे आणलाय. किती उंचीवर लावू?"

बाईनं ट्रेकडे बघितलं. नवाकोरा, कडा नीट वळवलेला.

"खिडकी ठेव," ती म्हणाली. "ट्रे नको."

"मग चिठ्ठी ठेवायची कुठं?"

"कुठंच नाही," बाई म्हणाली. "मागायचं असेल त्यानं तोंडानं मागायचं."

सुतारानं खांदे उडवले आणि ट्रे परत पिशवीत घातला. पलीकडची नावाड्याची मुलगी डबा उघडून बसली होती आणि वर न बघता जेवत होती.